वाचकांचे प्रश्न : दुसरी सिरॅमिक शेगडी केवढी घ्यावी?

प्रश्न : आमच्या घरी सासू-सासरे, आम्ही दोघे, धाकटे दीर आणि दोन मुले अशी सात माणसे आहेत. कोळशावर चालणारी, झाकणाची सिरॅमिक शेगडी आम्ही पूर्वीच घेतली असून तिच्या जाळीचा व्यास सुमारे ४६ सेंटिमीटर आहे. तिच्यावर आम्ही कोंबडीही भाजतो, आणि सासू-सासरे माळकरी असल्यामुळे त्या शेगडीवरचे वांगेसुद्धा ते खात नाहीत. त्यामुळे आता दुसरी शेगडी घ्यायचे ठरले आहे. दिरांचे म्हणणे असे की, घ्यायचीच तर ६१ सेंटिमीटरची घ्यावी, म्हणजे हिवाळ्यात पाहुणे आले तरी अडचण होणार नाही. यजमानांना मात्र ३३ सेंटिमीटरची लहान शेगडी पुरेशी वाटते. आम्ही कोणती घ्यावी?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : आपण जाळीचा व्यास सेंटिमीटरमध्ये कळवला, हे फार बरे झाले. या शेगड्यांच्या ‘स्मॉल’, ‘लार्ज’, ‘क्लासिक’ अशा नावांवरून मापाचा अंदाज बांधणे धोक्याचे असते, कारण प्रत्येक उत्पादक आपल्या सोयीने नावे देतो. उदाहरणार्थ, १९७४ साली अमेरिकेतील अटलांटा येथे सुरू झालेल्या ‘बिग ग्रीन एग’ची ‘लार्ज’ म्हणजे १८.२५ इंचांची, अर्थात आपल्या ४६ सेंटिमीटरच्या मापाची शेगडी. साधारण तेवढ्याच मापाच्या शेगडीला ‘कामाडो जो’ ‘क्लासिक’ म्हणते, आणि तिची ‘बिग जो’ ही २४ इंचांची, म्हणजे ६१ सेंटिमीटरची असते. तेव्हा दुकानात गेल्यावर नाव बाजूला ठेवून जाळीचा व्यास विचारावा, आणि व्यासावरून लगेच क्षेत्रफळ काढावे. १३ इंचांच्या जाळीवर सुमारे १३३ चौरस इंच जागा मिळते, १५ इंचांवर १७७, आपल्या १८.२५ इंचांवर २६२ आणि २४ इंचांवर ४५२. कागदावर पाच इंचांचा दिसणारा फरक प्रत्यक्षात दुप्पट जागेचा असतो, ही गोष्ट गोल जाळीच्या बाबतीत हमखास नजरेआड होते.

आता ही जागा आपल्या स्वयंपाकाच्या भाषेत मांडून पाहू. बामणोदकडचे भरिताचे हिरवे, देठाला काटे असलेले, अर्ध्या किलोच्या आसपासचे वांगे जाळीवर आडवे ठेवले आणि सभोवती धग फिरण्यापुरती जागा सोडली, तर ४६ सेंटिमीटरच्या जाळीवर अशी सहा वांगी बसतात, ३३ च्या जाळीवर तीन आणि ६१ च्या जाळीवर दहा-अकरा. सात माणसांच्या भरिताला, त्यांतली दोन मुले धरून, चार वांगी पुरतात. बट्टीचा हिशेब थोडा निराळा आहे. वाफवून, कापून तुपात तळायची बट्टी करत असाल, तर तिला शेगडीची गरजच नाही. पण गोवऱ्यांवरच्यासारखी भाजलेली बट्टी हवी असेल, तर ४६ सेंटिमीटरच्या जाळीवर वीसेक बट्ट्या नीट भाजल्या जातात, कारण कडेच्या पट्ट्यात आच जास्त लागते आणि ती जागा सोडूनच द्यावी लागते. माणशी तीन बट्ट्या धरल्या, तरी घरच्या माणसांचे भागते. याचा अर्थ असा की, घरातल्या रोजच्या आणि रविवारच्या जेवणासाठी आपल्याला आज जागा अपुरी पडतच नाही. अपुरे पडते ते दुसरेच काही, आणि शेगडीचे माप ठरवताना तेच पाहायला हवे.

पहिली गोष्ट आपण स्वतःच लिहिली आहे, ती शाकाहाराची. दुसरी आपण लिहिलेली नाही, परंतु ४६ ची शेगडी वापरणाऱ्या कुणालाही ती ठाऊक असणार. वांगे थेट निखाऱ्यांवर, झाकणावरचा तापमापक २५० अंश सेल्सिअसच्या पुढे असताना भाजायचे असते, म्हणजे साल करपून सुटते आणि आतला गर धुराच्या वासासह मऊ होतो. बट्टीला याच्या उलट, निखारे आणि जाळी यांच्यामध्ये सिरॅमिकचा डिफ्लेक्टर, म्हणजे थेट धग अडवणारी जाड चकती, घालून दोनशे अंशांच्या आसपासची, चहूबाजूंनी सारखी आच लागते. एकाच शेगडीवर दोन्ही करायचे झाले, तर वांगी उतरवल्यावर जाळी उचलायची, जाड हातमोजे घालून डिफ्लेक्टर धगधगत्या निखाऱ्यांवर बसवायचा, पुन्हा जाळी ठेवायची आणि मग तापमान उतरण्याची वाट पाहायची. सिरॅमिकची जाड भिंत एकदा तापली की लवकर निवत नाही. हवेची खालची आणि वरची झडप जवळजवळ मिटूनही पन्नास अंश उतरायला बराच वेळ जातो, आणि तोवर पाटावर बसलेल्या मुलांची भूक अनावर झालेली असते. म्हणून अनुभवी माणसे आधी मंद आचेचा पदार्थ करतात आणि नंतर आच चढवतात. तसे केले की भरीत मागे पडते, आणि ते ठेचून, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात आणि शेंगदाणे घालून फोडणीला टाकायचे असल्यामुळे जेवण आणखी लांबते. दुसऱ्या शेगडीचा खरा उपयोग जागा वाढवण्यापेक्षा दोन वेगळ्या आचा एकाच वेळी हाताशी असण्यात आहे.

या दोन्ही गोष्टी एकत्र मांडल्या म्हणजे प्रश्नाचे स्वरूप बदलते. नेहमीचा सल्ला असा असतो की, मोठी शेगडी घरात असेल तर दुसरी लहान घ्यावी, आणि यजमानांचे मत त्याच धर्तीचे आहे. आपल्या घरात तो सल्ला लागू पडत नाही, कारण जुनी शेगडी कोंबडीची झाली आहे आणि नवी शाकाहाराची होणार आहे; शाकाहारी पदार्थ घरातली सातही माणसे खाणार, कोंबडी मात्र फार तर पाच. नवी शेगडी ३३ सेंटिमीटरची घेतली, तर ज्या शेगडीवर सगळ्यांचे जेवण व्हायचे तीच लहान आणि मोठी शेगडी थोड्यांसाठी, अशी उफराटी व्यवस्था होईल. तीन वांगी भाजून झाली की पुन्हा चौथ्यासाठी थांबायचे, हे दर रविवारी कुणाला रुचेल?

यावर कुणी असे सुचवेल की, जुनी शेगडी खूप तापवून स्वच्छ करावी आणि तीच शाकाहारासाठी ठेवावी, म्हणजे लहान शेगडी कोंबडीला देता येईल. तांत्रिकदृष्ट्या हे अगदी चुकीचे नाही. झडपा पूर्ण उघडून साडेतीनशे अंशांपर्यंत तापवले, तर आतल्या भिंतीवरची चरबी जळून राख होते आणि ती झाडून काढता येते. साबणाने तर ही शेगडी धुवायचीच नसते, कारण सिरॅमिकच्या सूक्ष्म छिद्रांत साबण शिरतो आणि पुढच्या स्वयंपाकाला त्याचा वास येतो. पण सासूबाईंच्या मनाची खात्री तापमापकाच्या काट्यावर पटेल, असे मला वाटत नाही, आणि पटावी असा आग्रह धरणेही योग्य नव्हे. ज्या कारणासाठी एवढा खर्च करायचा, तेच कारण अर्धवट ठेवण्यात काय अर्थ?

आता दिरांच्या ६१ सेंटिमीटरचा विचार करू. तिच्या बाजूने एक खरा मुद्दा आहे, तो म्हणजे जाळीखाली अर्ध्या भागात डिफ्लेक्टर आणि अर्ध्या भागात उघडे निखारे ठेवून एकाच झाकणाखाली दोन प्रकारची आच मिळवायला तिच्यात ऐसपैस जागा असते. तरीही रोजच्या वापरात तिचा जाच होतो. ४६ ची शेगडी अर्ध्या तासात भाजण्याजोगी तापते. ६१ ची तापायला जास्त वेळ आणि जास्त कोळसा घेते, आणि चार वांग्यांसाठी तेवढा तामझाम करायचा म्हटले की हात आखडतो. मग ती शेगडी फक्त पाहुण्यांच्या दिवशी उघडली जाते. वजनाचाही विचार हवा, कारण ४६ ची शेगडी सत्तर किलोंच्या थोडी पुढे असते आणि ६१ ची शंभर किलोंच्या घरात जाते. स्वयंपाकघराच्या मागच्या ओट्याजवळून पावसाळ्यात पडवीत सरकवायची असेल, तर हा फरक पाठीला जाणवतो.

पाहुण्यांची चिंता मला दिरांइतकी वाटत नाही, आणि त्याचे कारण भरिताच्या कृतीतच आहे. कोंबडीची तंगडी जाळीवरून थेट ताटात यावी लागते, त्यामुळे ती पाळ्यांनी भाजली की शेवटच्या पंगतीपर्यंत पहिल्या पाळीची कोरडी पडते. वांग्याचे तसे नाही. भाजलेले वांगे झाकून ठेवले की उलट साल सुटायला सोपे जाते, आणि ते सगळे एकत्र ठेचूनच फोडणीला जायचे असते. वीस माणसांसाठी अकरा वांगी लागली, तर ४६ च्या जाळीवर सहा आणि पाच अशा दोन पाळ्या कराव्यात. एकेका पाळीला अर्धा-पाऊण तास धरावा, आणि पहिली पाळी सोलून होईपर्यंत दुसरी उतरते. कळण्याच्या पुऱ्या तळणारीलाही तेवढाच वेळ लागतो. आणि पन्नास-साठ माणसांची भरीत पार्टी असेल, तर सिरॅमिक शेगडीचे नावच काढू नये. मळ्यात पऱ्हाट्यांचा किंवा तुराट्यांचा जाळ पेटवून त्यात पोतेभर वांगी घालावीत. त्या जाळाचा जो वास भरिताला लागतो, तो कोणत्याही विलायती शेगडीत कितीही पैसे मोजून मिळत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

या सगळ्यावरून माझा सल्ला असा की, आपण जुन्या शेगडीच्याच मापाची, म्हणजे ४६ सेंटिमीटरची दुसरी शेगडी घ्यावी, आणि शक्यतो त्याच उत्पादकाची घ्यावी. झाकणाच्या कडेची गॅस्केट (फटीतून हवा जाऊ न देणारी पट्टी), कोळशाखालची जाळी, आतले कोळशाचे सिरॅमिक भांडे हे सुटे भाग आपल्याकडे सहज मिळत नाहीत, ते मुंबई-पुण्याहून मागवावे लागतात. दोन्ही शेगड्या एकाच मापाच्या असल्या, तर एक गॅस्केट राखीव ठेवली की दोन्हींचे काम भागते. वरच्या जाळ्या, डिफ्लेक्टर आणि चिमटे मात्र दोन्हींचे वेगळेच ठेवावेत आणि त्यांवर रंगाची खूण करावी, नाहीतर गडबडीत कोंबडीचा चिमटा वांग्याला लागला की सगळी तयारी वाया जाईल. कोंबडीपुरते आणखी एक सांगतो. तंगडीच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता, सुईचा तापमापक खुपसून ७४ अंश दिसल्याशिवाय ती उतरवू नये, कारण खानदेशी काळ्या मसाल्याचा रंग असा गडद असतो की बाहेरून पाहून आत शिजले की नाही, ते कळतच नाही.

३८ सेंटिमीटरचा, म्हणजे १५ इंचांचा, मधला पर्याय कुणी पुढे करील. तिच्यावर चार वांगी जेमतेम बसतात, पण डिफ्लेक्टर घातल्यावर बट्टीला उरणारी जागा एवढी तोकडी असते की सात माणसांच्या जेवणाला दोन पाळ्या कराव्याच लागतात. बट्टी गरमच खायची असल्यामुळे तिथे पाळ्यांची सोय नाही. जागेची फार अडचण असल्याशिवाय हे माप आपण घेऊ नये.

चातुर्मासात वांगे न खाणाऱ्या घरांत भरिताचा हंगाम चंपाषष्ठीलाच सुरू होतो, तेव्हा खरेदीची घाई नसावी. मार्गशीर्षाच्या आधी शेगडी घरी येऊन दोन-चार वेळा मंद आचेवर पेटवून झाली म्हणजे पुरे.

प्रश्न : आम्ही धुळ्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो. घराला लागून स्वतःची गच्ची आहे आणि तिथे ४६ सेंटिमीटरची सिरॅमिक शेगडी आहे. आम्ही चौघेच आहोत. एरवी संध्याकाळी दोन-तीन माणसांपुरते काही भाजायचे असले, तर मोठी शेगडी पेटवायचा कंटाळा येतो. ३३ सेंटिमीटरची दुसरी घेतली, तर ती खरोखर वापरली जाईल का, की अडगळ होईल? पावसाळ्यात ती काचा लावलेल्या गॅलरीत ठेवून पेटवता येईल का?
— एक वाचक, धुळे

उत्तर : आपल्या बाबतीत ३३ सेंटिमीटरचेच माप योग्य आहे, आणि ती अडगळ होणार नाही, असे मी बऱ्याच खात्रीने सांगू शकतो. तिची सिरॅमिक भिंत कमी, म्हणून ती तापायला वेळ कमी घेते. ओंजळ-दोन ओंजळी कोळशात मक्याची चार कणसे, रताळी, पनीरचे तुकडे किंवा दोन वांगी सहज भाजून होतात. काम झाले की दोन्ही झडपा पूर्ण मिटाव्यात, म्हणजे हवेअभावी निखारे विझतात आणि उरलेला कोळसा राख झटकून दुसऱ्या दिवशी पुन्हा वापरता येतो. वजन ३५ किलोंच्या आसपास असल्यामुळे दोघे जण तिला उचलू शकतात, आणि लिफ्ट नसलेल्या इमारतीत ही फार मोठी सोय आहे. तिची मर्यादाही ध्यानात ठेवावी. निखारे आणि जाळी यांत अंतर कमी असल्याने तेल सुटणारा पदार्थ चटकन करपतो, आणि कोळशाचे भांडे लहान असल्यामुळे आठ-दहा तास मंद आचेवर ठेवायचे पदार्थ तिच्यावर करू नयेत. त्यासाठी मोठी शेगडी आहेच.

गॅलरीच्या प्रश्नाचे उत्तर मात्र ठाम नकारार्थी आहे. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नसतो, वास नसतो, आणि बंद जागेत तो साठला की माणूस गुंगीत जाऊन दगावतो. काचेची एखादी खिडकी उघडी ठेवली म्हणजे धोका टळतो, असे समजू नये. झडपा मिटून शेगडी विझायला ठेवली असतानाही निखारे बराच वेळ धुमसत असतात, तेव्हा त्या अवस्थेतही ती घरात आणू नये. पावसात गच्चीवर पत्र्याची, तिन्ही बाजूंनी मोकळी शेड असेल तर तिथेच पेटवावी. नसेल तर त्या दिवशी गॅसवर भाकरी करून मोकळे व्हावे.

पावसाळ्याबद्दल एवढे लक्षात असू द्यावे की, सिरॅमिक ओल धरते. महिनाभर भिजत राहिलेली शेगडी एकदम भरपूर कोळसा घालून तापवली, तर आतल्या पाण्याची वाफ होऊन तडा जाण्याचा संभव असतो. पाऊस सरल्यावर पहिल्यांदा पेटवताना शंभर-सव्वाशे अंशांवर तासभर तरी ठेवावी आणि मगच आच वाढवावी. आपल्याकडे चैत्र-वैशाखात पारा ४४-४५ अंशांवर जातो, त्याचा शेगडीला त्रास नाही. त्रास होतो तो तिच्याजवळ उभ्या राहणाऱ्याला.

प्रश्न : मुलाने परदेशातून परतताना ३३ सेंटिमीटरची शेगडी आणली होती. आमचे चौदा माणसांचे एकत्र कुटुंब मळ्यातल्या घरात राहते, आणि सारंगखेड्याच्या यात्रेत आठ-आठ दिवस पाहुणे असतात. दुसरी ४६ ची घ्यावी की ६१ ची? घरात सगळे सगळेच खातात. कोळसा इथेच लोणाऱ्याकडे मिळतो, तो चालेल का?
— एक वाचक, शहादा

उत्तर : ६१ सेंटिमीटरची घ्यावी. जळगावच्या वाचकांना जिच्यापासून परावृत्त केले, तीच आपल्याला सुचवतो आहे, याचे कारण आपल्याकडे चौदा माणसे रोजचीच आहेत. ज्या घरात जेवणारेच चौदा, तिथे मोठी शेगडी पाहुण्यांची वाट पाहत पडून राहत नाही. लहान शेगडी आधीपासून असल्यामुळे थोडक्यासाठी मोठी पेटवायची वेळही येणार नाही, आणि यात्रेच्या दिवसांत मोठीवर बट्ट्या नि लहानीवर वांगी, अशी विभागणी आपोआप होईल.

लोणाऱ्याकडचा लाकडी कोळसा उत्तमच, फक्त तो निवडून घ्यावा. मुठीएवढे खडे तळाशी लावावेत आणि त्यांच्यावर बारीक तुकडे टाकावेत. चुरा गेला तर खालच्या जाळीची भोके बुजतात, हवा खेळत नाही आणि शेगडी तापतच नाही. अर्धवट जळालेले, हातात जड लागणारे तुकडे बाजूला काढावेत, कारण ते कडवट धूर सोडतात. दगडी कोळसा कधीही वापरू नये, आणि पेटवण्यासाठी रॉकेलही टाकू नये. सिरॅमिक ते शोषून घेते आणि त्याचा वास नंतर किती तरी दिवस जेवणाला येत राहतो. सुकी पऱ्हाटी मोडून तिच्या दोन-चार काड्या कोळशाखाली घातल्या, तरी पेट घेतला जातो.

शंभर किलोंच्या आसपासची ही वस्तू मालमोटारीतून उतरवताना फुटण्याचा धोका सर्वांत जास्त असतो, तेव्हा पावतीवर सही करण्याआधी खोके उघडून झाकण, बुड आणि आतले भांडे यांवर बोटाच्या पेराने टिचकी मारून पाहावी. तडा असेल तर आवाज बद्द येतो. ती सपाट, पक्क्या ओट्यावर ठेवावी, लाकडी टेबलावर थेट ठेवू नये. पहिल्या काही वेळा १७५ अंशांच्या वर नेऊ नये, म्हणजे गॅस्केटचा डिंक नीट बसतो. आणि घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः मुलांना, हे दाखवून द्यावे की तापलेल्या शेगडीचे झाकण एकदम उघडायचे नाही. आधी झाकण दोन बोटांएवढेच वर उचलून क्षणभर थांबायचे, आत हवा जाऊ द्यायची आणि मग पूर्ण उघडायचे. आत हवेवाचून कोंडलेले निखारे झाकण झटक्यात उघडल्यावर भपकन पेट घेतात, आणि तो भपका थेट तोंडावर येतो.